शेवात महिना, कुंभ रास आणि तुझी नोकरी

ठाणे
शेवात 2, 5786 (20 जानेवारी 2026)

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री उशिरा ऐकला. सोबत पाठवलेलं ते रंगीत चित्रही बघितलं. पाणी ओतणारा माणूस, मागे चांदण्या आणि खाली ‘शेवात महिन्याचं आध्यात्मिक भविष्य’, म्हणजे आपल्या यहुदी पंचांगातल्या अकराव्या महिन्याचं. कुंभेच्या लोकांनी या महिन्यात मोठा निर्णय घ्यावा, पौर्णिमेनंतर बंद दारं उघडतील, वगैरे. आणि त्याखाली तुझा प्रश्न: “आई, मी शेवातमधलाच ना? मग नोकरी बदलू का?”

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पगार किती वाढतोय आणि घरापासून किती लांब आहे ते विचार त्याला, रास नको.” एवढ्यात पत्र संपलं असतं. पण तू मला राशीचं विचारलं आहेस, आणि सगळा जन्म वाचनालयात काढलेल्या बाईला असं काही विचारलं की ती चार ओळींत थांबत नाही. तेव्हा चहा कर आणि बस.

आधी तू कुंभेचा आहेस की नाही तेच बघू. शेजारच्या काकूंना विचारलंस तर त्या जन्मवेळ मागतील, कारण आपल्याकडे पंचांगवाले रास काढतात ती चंद्रावरून, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत घर बदलतो. इंग्रजी पेपरातलं भविष्य सूर्यावर चालतं. त्यांचा सूर्य 20 जानेवारीच्या सुमारास कुंभेत जातो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र तोच सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मकरेतच असतो. आणि आपल्या यहुदी हिशेबाने शेवातची पहिली लागली की सगळा महिना कुंभेचा, सूर्य-चंद्र काही का करेनात. एकाच मुलाला तीन-तीन राशी मिळतात, त्यातली कुठली तुझी नोकरी ठरवणार?

गंमत म्हणजे महिने मात्र जुळतात. काल इथे माघ शुद्ध प्रतिपदा होती आणि कालच आपला रोश होदेश शेवात, म्हणजे शेवातची पहिली. दोघांचेही महिने अमावास्येनंतर सुरू होतात, दोघांनाही ऋतू सांभाळायला मधूनमधून एक महिना जास्तीचा घ्यावा लागतो. आपल्याकडे 19 वर्षांत 7 वेळा अदार हा महिना दोनदा येतो, हिंदू पंचांगात अधिक मास येतो. यंदा त्यांचा ज्येष्ठ दोनदा आहे, आपला अदार 5787 मध्ये दोनदा येईल. आपल्या कोकणातल्या पूर्वजांना हिब्रू पंचांग हाताशी नसताना सण कसे सांभाळता आले असतील, याचा विचार करताना मला हे नेहमी आठवतं. गावातल्या भटजींची तिथी ऐकली तरी आपली पौर्णिमा चुकत नव्हती.

आता राशीचं. आपल्याकडे बारा महिन्यांना बारा राशी आहेत, आणि नावं थेट तीच: निसान म्हणजे मेंढा, इय्यार म्हणजे बैल, सिवान म्हणजे जुळे. किसलेवला धनुष्य आहे, पण ते धरणारा कुणी नाही. आणि शेवातला दली, म्हणजे बादली किंवा पोहरा. घडा घेतलेला देखणा तरुण ही ग्रीकांची कल्पना. आपल्या नावात माणूसच नाही, नुसता पोहरा आहे. ‘सेफेर येत्सिरा’ नावाचं एक अगदी छोटं आणि अगदी अवघड पुस्तक आहे. परंपरा ते अब्राहामच्या नावावर घालते. त्यात जग अक्षरांतून घडलं असं म्हटलंय, आणि एकेका महिन्याला एक अक्षर, एक रास, एक इंद्रिय दिलंय. शेवातचं अक्षर त्सादी. इंद्रिय म्हणावं तर चव, खाणं; आणि त्याच्या जोडीला पोटातला अवयव. पुढे सफेद गावच्या कब्बालींनी, म्हणजे गूढवादी पंडितांनी, यात इस्राएलचे बारा वंश बसवले. रानात छावणी हलताना जो वंश ज्या क्रमाने चालायचा, त्या क्रमाने महिने वाटले. यहूदाला निसान मिळाला आणि अकरावा शेवात आला आशेरच्या वाट्याला.

तुझ्या त्या चित्रात यातलं काहीच नव्हतं, बघितलंस? ना चव, ना आशेर. होता फक्त ‘तू’. तुझी दारं, तुझी भरभराट, तुझं नशीब. जुन्या लोकांनी महिन्याला रास दिली ती त्या महिन्यात काय करायचं ते लक्षात राहावं म्हणून. तुला काय मिळणार याची बातमी त्यात नाही. निदान मी तरी सगळं वाचून याच मताला आले आहे. रब्बींमध्ये, म्हणजे आपल्या धर्मगुरूंमध्ये, यावर एकमत नाही, तेही सांगते.

तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, शाब्बात विभागाच्या 156व्या पानावर, या विषयावर सरळ भांडण आहे. रब्बी हनीना म्हणतात, शहाणपण ग्रहांवरून येतं, श्रीमंतीही ग्रहांवरून येते, आणि इस्राएललाही ग्रह लागू आहेत. रब्बी योहानान म्हणतात, इस्राएलला ग्रह लागू नाहीत. मग योहानानच्या बाजूने एकामागून एक गोष्टी येतात. त्यातल्या दोन मला फार आवडतात.

पहिली रब्बी अकिवांच्या मुलीची. खाल्डियन ज्योतिष्यांनी सांगितलं होतं की लग्नाच्या दिवशी तिला साप चावेल आणि ती मरेल. बाप काळजीत. लग्नाच्या रात्री तिने केसातली पिन काढली आणि भिंतीच्या फटीत खुपसून ठेवली. सकाळी पिन ओढली तर तिच्याबरोबर साप बाहेर आला, पिन त्याच्या डोळ्यात गेलेली. अकिवांनी विचारलं, “काल तू काय केलंस?” ती म्हणाली, “संध्याकाळी एक भिकारी दारात आला होता. सगळे जेवणावळीत होते, त्याची हाक कुणी ऐकली नाही. मी उठले आणि माझ्या पानातलं त्याला दिलं.” बस्. ज्योतिषी खोटे होते असं तालमुद म्हणत नाही, हे नीट बघ. साप खरोखर होता. पण त्या मुलीने भविष्य ऐकून काही केलंच नव्हतं. तिला ते माहीत होतं असंही कुठे लिहिलेलं नाही. तिने फक्त लग्नघराच्या गोंगाटात दारातली हाक ऐकली. आपल्याकडच्या लग्नात, स्टेजवर फोटो चालू असताना, नवरी स्वतःचं ताट उचलून गेटपाशी गेली तर काय होईल, कल्पना कर. फोटोग्राफरच आधी ओरडेल.

दुसरी गोष्ट आईची आहे, म्हणून माझी लाडकी. रब्बी नाहमान बर यित्सहाक लहान असताना त्यांच्या आईला ज्योतिष्यांनी सांगितलं, तुझा मुलगा चोर होणार. ही बाई रडली नाही, शांती केली नाही. तिने त्याला एक सवय लावली: डोकं उघडं ठेवायचं नाही, म्हणजे वर कुणी आहे याची आठवण राहील, आणि प्रार्थना करायची. का, ते त्याला सांगितलं नाही. मुलगा मोठा झाला, विद्वान झाला. एकदा खजुराच्या झाडाखाली अभ्यास करत बसला होता, डोक्यावरचं वस्त्र घसरलं, नजर वर गेली, घड दिसला आणि मोह आवरेना. झाडावर चढून त्याने तो दातांनी तोडला. झाड त्याचं नव्हतं. म्हणजे ग्रह काही गेले नव्हते, वस्त्राखाली दबा धरून बसले होते! इतकी प्रामाणिक गोष्ट धर्मग्रंथात ठेवणाऱ्या लोकांचं मला कौतुक वाटतं. ‘इस्राएलला ग्रह लागू नाहीत’ याचा पुरावा म्हणून ती दिली आहे, आणि पुराव्याला केवढं मोठं भोक!

पुढे तर भांडण आणखी वाढलं. स्पेनचे अब्राहाम इब्न एझ्रा ज्योतिषावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहीत होते. स्वतः मात्र कायम दरिद्री. त्यांनीच थट्टेत लिहून ठेवलंय की मी मेणबत्त्या विकायला लागलो तर सूर्य मावळायचाच नाही, आणि कफनं विकायला लागलो तर लोक मरायचे बंद होतील. रामबाम, म्हणजे मायमोनिदेस, याच्या अगदी उलट. दक्षिण फ्रान्सच्या रब्बींनी विचारलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून सांगितलं की या विषयावरचं मिळेल ते सगळं मी वाचलंय आणि हा निव्वळ मूर्खपणा आहे. वर हेही म्हणाले की आपल्या पूर्वजांनी युद्धकला शिकायची सोडून असल्या पुस्तकांत डोकं घातलं, म्हणून राज्य गेलं. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात ज्योतिष्याला विचारू नये असा स्पष्ट नियम आहे, आणि त्याला लागूनच लग्न शुक्ल पक्षात लावण्याची रीतही नोंदलेली आहे. लोक ते लोकच.

आणि इतकं सगळं असून सिनेगॉगच्या, आपल्या प्रार्थनामंदिराच्या, जमिनीवर राशीचक्र! मी तिकडे इस्राएलमध्ये मावशीकडे अश्दोदला आले होते तेव्हा ती मला तिबेरियाला घेऊन गेली होती. गावाच्या दक्षिणेला हम्मात तिबेरिया म्हणून जागा आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ. तिथे चौथ्या शतकातल्या सिनेगॉगची फरशी आहे. मधोमध रथातला सूर्यदेव, चक्क हेलिओस, आणि भोवती बारा राशी, हिब्रू नावांसह. आपला दली तिथे घड्यातून पाणी ओतणारा उघडा माणूस आहे, आणि त्याच्याशेजारचं ‘दली’ हे नाव उलटं लिहिलंय, आरशात दिसावं तसं. बाकीची नावं सरळ. खडे बसवणाऱ्या कारागिराला हिब्रू येत नसावं आणि नमुना उलटा धरला गेला असावा, असं म्हणतात. सोळाशे-सतराशे वर्षं ती चूक तशीच जमिनीत आहे. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत उभी होते, मावशी पुढे निघून गेली तरी.

तू मात्र आधी बेत आल्फाला जा. 1928च्या अखेरीस हेफ्त्सिबा किबुत्झचे लोक पाण्याचा चर खणत होते आणि कुदळीखाली रंगीत खडे लागले. सहाव्या शतकातलं सिनेगॉग. तिथली चित्रं तिबेरियाइतकी सुबक नाहीत, लहान मुलाने काढल्यासारखी आहेत, पण मला तीच जास्त आवडली. तिथला दली विहिरीतून बादलीने पाणी शेंदतोय. चार कोपऱ्यांत चार ऋतू आहेत, पण शेजारच्या राशींशी ते जुळतच नाहीत. कुणाला त्याची फिकीर असावी असं दिसत नाही. आणि दाराशी ग्रीकमध्ये कारागिरांची नावं आहेत, मारियानोस आणि त्याचा मुलगा हनीना. बापलेकांनी मिळून केलेलं काम. राशीचक्रावर प्रार्थनेला उभं राहणारे ते लोक त्याच्याकडे बघून भविष्य विचारत असतील असं मला वाटत नाही. वर्ष फिरतंय आणि ते फिरवणारा कुणी आहे, एवढंच त्यांना पायाखाली हवं असेल.

आता आशेर. मला खरं लिहायचं होतं ते याच्याबद्दल.

याकोबाने मरताना मुलांना आशीर्वाद दिले, त्यात आशेर या मुलाचं (त्याच्याच नावाचा तो वंश) अन्न सकस असेल असं म्हटलं. मोशेने जाताना म्हटलं की आशेर आपला पाय तेलात बुडवील. त्याच्या वाट्याला गालीलची जैतुनाची जमीन आली. तालमुदात यावर एक गोष्ट आहे. लाओदिकिया शहराच्या लोकांना तेल हवं होतं. त्यांनी एक माणूस पाठवला: दहा लाख, म्हणजे अफाट रकमेचं, तेल घेऊन ये. तो यरुशलेमला गेला, तिथून त्याला सोरला पाठवलं, तिथून गालीलमधल्या गुश हलावला. गुश हलावमध्ये लोक म्हणाले, त्या शेतातल्या अमक्याकडे जा. गेला तर एक माणूस जैतुनाच्या झाडाखाली माती भुसभुशीत करत होता. “एवढं तेल आहे तुझ्याकडे?” तो म्हणाला, “थांब, हातातलं काम होऊ दे.” काम झालं. अवजारं खांद्यावर टाकली आणि चालायला लागला, वाटेतले दगड वेचत वेचत बाजूला टाकत. पाहुण्याच्या मनात आलं, या यहुद्यांनी माझी चेष्टा केली. घरी पोचल्यावर मोलकरणीने गरम पाणी आणलं, त्याने हातपाय धुतले. मग तिने सोन्याच्या परातीत तेल आणलं आणि त्याने त्यात हात आणि पाय बुडवले. जेवणं झाली. मग दहा लाखांचं तेल मोजून दिलं, आणि विचारलं, “आणखी हवंय?” पाहुणा म्हणाला, “पैसे नाहीत.” तो म्हणाला, “घेऊन जा, मी तुझ्याबरोबर येतो आणि तिथे पैसे घेतो.” एक लाख ऐंशी हजारांचं आणखी उधारीवर दिलं. म्हणतात, त्या माणसाने परतताना देशातला एक घोडा, खेचर, उंट की गाढव भाड्याने घ्यायचं शिल्लक ठेवलं नाही.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गुश हलाव दिसलंच नाही. मला आपली अलिबागची इस्राएल आळी दिसली. आपण बेने इस्राएल, गावाच्या तोंडी शनवार तेली. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, जे वाचले ते घाणा चालवायला लागले, आणि शनिवारी घाण्याचा बैल सोडलेला असायचा, म्हणून गावाने ते नाव दिलं. तोरा हा मूळ धर्मग्रंथ नव्हता, तालमुद नव्हता, हिब्रू विसरली होती. शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडात होती आणि शनिवारी बंद घाणा. आपण आशेरचे वंशज आहोत असं मी अजिबात म्हणत नाही; असले दावे करणारे खूप झाले आणि पुरावा कुणाकडे नाही. पण शेवातचा धनी तेलवाला आहे हे कळल्यावर मला बरं वाटलं, एवढं खरं. पाहुणा दारात उभा असताना “हातातलं काम होऊ दे” म्हणणारा आणि वाटेतले दगड वेचणारा माणूस मला या महिन्याच्या राशीत बघायचाय, तुझ्या त्या चांदण्यांतल्या तरुणापेक्षा.

बाकी शेवातचं मुख्य म्हणजे ‘तू बिश्वात’, शेवातची पंधरावी, ते तुला माझ्यापेक्षा जास्त दिसेल. तालमुद ज्यावर चर्चा करतं त्या मिश्नात झाडांचं नवं वर्ष सांगितलंय. शम्माय आणि हिल्लेल हे दोन जुने गुरू. शम्मायच्या पठडीचे म्हणत 1 शेवात, हिल्लेलचे म्हणत 15, आणि हिल्लेलचं चाललं. कारण तालमुद देतं ते अगदी रोखठोक: वर्षाचा बहुतेक पाऊस तोवर पडून गेलेला असतो. हा तिकडचा पाऊस हं, हिवाळ्यातला. मुळात तो सण नव्हताच, हिशेबाची तारीख होती. कुठलं फळ कुठल्या सालच्या दशमांशात धरायचं, झाडाला तीन वर्षं पुरी झाली की नाही, कारण त्याआधीचं फळ खायचं नाही. सोप्या भाषेत, झाडांचं मार्च एंड. त्यात गोडवा घातला तो पुढच्या लोकांनी. कब्बालींनी त्या रात्री फळांचं पान मांडायला सुरुवात केली: संपूर्ण खाता येतात ती अंजीर-द्राक्षं, आत बी असते ते खजूर-जैतून, बाहेर टरफल असतं ते अक्रोड-बदाम, आणि चार पेले वाइन, पांढऱ्यापासून लाल होत जाणारी. कोकणातल्या बाईला हे वाचून एकच शंका येते, काजूचं बोंड कुठे बसवायचं? बी तर बाहेर लोंबतेय. सफेदला काजू नव्हते म्हणून वाचले ते. मग 1890 मध्ये झिखरोन याकोवच्या एका शिक्षकाने शाळेतल्या मुलांना घेऊन त्या दिवशी झाडं लावली, आणि आज तुमच्याकडे सगळा देश रोपं घेऊन बाहेर पडतो.

आपल्या लोकांकडे यातलं काही पोचलं नव्हतं. पाऊसही उलटा, इथे शेवातमध्ये विहिरी खाली जायला लागतात. तरी 15 शेवात आपल्याकडे होतीच, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, उरूस म्हणून. अलिबागच्या अलीकडे खंडाळ्याला कातळ आहे, त्याच्यावर घोड्यांच्या टापा आणि रथाच्या चाकांची खूण. तिथून एलियाहू वर गेला. नवगावला बुडालेल्यांना त्यानेच जिवंत केलं, मग तो त्या कातळावरून गेला, असं आपली सगळी म्हातारी माणसं सांगत आली. इतर कुठले यहुदी या दिवसाला एलियाहूशी जोडतात असं माझ्या वाचनात नाही. तुला तिकडे कुणी हसलं तर हसू दे. 1964 पर्यंत तिथल्या काही रब्बींना आपण पुरते यहुदीही वाटत नव्हतो, तरी आपले लोक रस्त्यावर बसले आणि मान्यता घेऊन उठले. त्या मानाने कातळ पचवणं सोपं आहे.

आणि चवीचं म्हणशील तर आपला मलिदा आहेच. मी यंदाही पोहे आदल्या रात्री निवडून ठेवीन. पोहे नुसते धुवायचे, भिजत घालायचे नाहीत, नाहीतर गचका होतो. तुझी आत्या दरवर्षी तेच करते. ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, काजू-बेदाणे. ताटात ढीग, भोवती फळं, वर गुलाब, शेजारी सब्जाचा पाला. ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणून झालं की एकेका गोष्टीवर वेगळा आशीर्वाद. खजुरावर ‘झाडाचं फळ’ म्हणायचं आणि केळ्यावर ‘जमिनीचं फळ’. तू लहानपणी भर मलिद्यात हझानना, प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारलं होतंस, “केळीचं झाड नाही तर काय आहे?” सगळे हसले, पण त्यांनी आशीर्वाद थांबवून तुला उत्तर दिलं: घड दिला की केळ मरते, तिचा बुंधा वर्षानुवर्षं टिकत नाही, दरवेळी जमिनीतून नवी येते, म्हणून ती जमिनीची. सब्जाला तू हुंगून परत हुंगत राहिलास, ताट पुढे जाईना. हातातली वस्तू कुठून आली ते ओळखल्याशिवाय तोंडात टाकायची नाही; ‘शेवातचं इंद्रिय चव’ याचा मला लागलेला अर्थ हा आहे. येत्सिरावाल्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

आता तुझ्या नोकरीचं. शेवात चांगला की वाईट हे मला ठाऊक नाही आणि ते चित्र काढणाऱ्यालाही नाही. तू त्या नव्या लोकांकडे एकदा जाऊन ये, कामाच्या वेळेत जा, तिथली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐक. शुक्रवारी दुपारी सोडतात का विचार. तोंडी सांगितलेला पगार कागदावर येईपर्यंत इथलं सोडू नकोस. बाबा म्हणतात, येण्याजाण्यात दीड तास जाणार असेल तर वाढलेले पैसे बसलाच देशील. आणि जुन्या जागेवरून निघायचं ठरलं तर हातातलं काम पुरं करून नीघ.

तू बिश्वात यंदा 1 फेब्रुवारीच्या संध्याकाळी लागतोय, 2 तारखेला सोमवार. बरेच जण सुट्टी बघून रविवारीच खंडाळ्याला जातील. आम्ही मात्र सोमवारी निघू, पनवेल-पेणवरून, वडखळला चहा घेऊन. येताना आत्याचे दीर पोपटी लावणार आहेत. वालाच्या शेंगा आता भरल्यात, भांबुर्डाही मिळतोय. तुझ्या वाटची अंडी तेच खातील, मला माहीत आहे. तू तिथे बेर शेवामध्येच आहेस, तर त्या दिवशी एक कर. अब्राहामने बेर शेवाला एशेलचं झाड लावलं असं तोरातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात आहे, आणि त्याच्या नावाची म्हणून एक विहीरही तिथे दाखवतात. विहीर खरी त्याचीच की नाही यात पडू नकोस. जाऊन ये आणि एशेल हल्ली कसा दिसतो त्याचा फोटो पाठव, मी फक्त पुस्तकात बघितलाय. बदाम फुलले असतील तर त्याचाही.

मावशीला अश्दोदला फोन कर, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय. कोकमं संपली असतील तर सांग, पुढच्या महिन्यात तिच्या शेजारची बाई इकडे येणार आहे, तिच्याबरोबर देईन. नोकरीचा कागद आला की सही करायच्या आधी बाबांना पाठव.

तुझी,
आई

ता. क. ते चित्र आणखी कुणाला पुढे पाठवू नकोस. आत्याला तर मुळीच नको, तिचीही रास कुंभच आहे आणि तिला फ्लॅट विकायचाय.